राबात भाजलेले गोळे

खैरमाळच्या लोकांनी पूल मागितला होता. पूल राहिला बाजूला, त्यांना विमानतळ मिळाला.

हरसूलच्या पुढे धरणाचं पाणी डोंगरांच्या बेचक्यांत शिरतं, तिथे खैरमाळ आहे. धरण व्हायच्या आधी ती सपाट माथ्याची एक साधी टेकडी होती. पाणी चढलं, खालची भाताची खाचरं बुडाली आणि वरचा माळ तेवढा चहूबाजूंनी पाण्यात उरला. तेव्हापासून बाजाराला जायचं तर होडी, दळण आणायचं तर होडी, मयताला जायचं तर होडी. पुलासाठी खेटे घालून घालून दोन सरपंच म्हातारे झाले. मग एका उन्हाळ्यात तराफ्यावरून रोलर आला, डांबराची पिंपं आली, आणि गावाला कळलं की मुंबईची माणसं थेट आभाळातून माळावर उतरणार, पाण्याकाठच्या तंबूंत राहणार आणि परत आभाळात जाणार. घाटातला मोटारीचा रस्ता त्यांच्या कमरेला सोसत नाही म्हणे. गावाच्या कमरेचं कोणी विचारलं नाही.

माळ होता पुंजाचा. पुंजा गावातला मानाचा माणूस. देवाच्या कामात पुढे, पंचांत पुढे. बोलायचा कमी, पण त्याचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, असं सगळे म्हणायचे आणि तो ते ऐकून घ्यायचा. तो मान त्याला माळापेक्षाही प्यारा होता. माळाच्या बदल्यात त्याने एकच गोष्ट मागितली. मुलाला, हिरामणला, विमानतळावर कायमची नोकरी. कंपनीने मान्य केलं. फक्त आधी वर्षभर काम बघू म्हणाले.

दर साली दिवाळी सरली की हे घर दाराला काट्याची फांदी लावायचं आणि निफाडकडे द्राक्षाच्या बागांवर मजुरीला जायचं. पालाच्या खोपीत राहायचं, मालकाच्या नळावर पाणी भरायला नंबर लावायचा, औषध फवारलेल्या वेलीखाली भाकर खायची. होळीला परत यायचं तेव्हा पुंजाची बायको मंगलाबाई खोकत असायची आणि सून सविता हिच्या बोटांची सालं निघालेली असायची. ‘कायम’ या शब्दाचा अर्थ त्या घराला एवढाच कळत होता की पुन्हा खोपीत जायचं नाही.

उद्घाटन थाटात झालं. वाजंत्री होडीतून आली, पुढारी विमानातून आला. विमान नऊ माणसांचं होतं आणि त्याला पुढे नाकावर एकच पंखा होता. तो थांबायच्या आधीच सरपंच सहादू हार घेऊन पुढे धावला, आणि त्याची टोपी उडाली ती थेट पाण्यात. गाव पोट धरून हसलं. खैरमाळ विमानतळाने गावाला दिलेला तो एवढाच आनंद.

हिरामणला नारिंगी जाकीट मिळालं. विमान थांबलं की चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, सामानाची गाडी ढकलायची, पाहुण्यांच्या पिशव्या तंबूपर्यंत वाहायच्या. जाकीट घालून तो होडीने बाजाराला जायचा आणि कोणी विचारलं तर म्हणायचा, “एरपोर्टला हाय मी.” सविताला पाखरं हाकायला रोजंदारीवर घेतलं. चहूकडे पाणी, त्यात तंबूवाले खरकटं उघड्यावर टाकायचे, मग बगळे, घारी, टिटव्या धावपट्टीवर येणारच. विमान यायच्या आधी पट्टी साफ पाहिजे, हे विमानतळाचे मॅनेजर अमित सर रोज सांगायचे. अमित सर नाशिकचे. सातपूरच्या एका कारखान्यात होते, तिथून इकडे आलेले. माणूस गोड बोलायचा. गोड बोलणाऱ्याने सांगितलेलं काम नाही म्हणायला अवघड जातं.

“सविता, त्या खडीत टिटवीची अंडी दिसतायत. काढून टाका.”

“काढून कुठं ठेवू, सर?”

“ठेवायची नाहीत. पिल्लं झाली की आणखी पक्षी वाढतील.”

तिने अंडी चपलेखाली घेतली. टिटवी तिच्या डोक्यावर घिरट्या घालत कलकलत राहिली. घरी मंगलाबाईला कोणी सांगितलं कोण जाणे. भाकरी थापता थापता ती म्हणाली, “टिटवीचं घर मोडलंस. त्याचं काय चांगलं व्हत नाय, सांगून ठेवते.”

“मंग नोकरी सोडू का, आत्या?”

मंगलाबाईने भाकरी तव्यावर टाकली. नोकरी कोणालाच सोडायची नव्हती.

थंडीभर सविताने फटाके लावून पाखरं उडवली. होळीच्या सुमारास वरून फटाके यायचे थांबले. अमित सर म्हणाले, कळवलंय, येतील. आले नाहीत. सविता टाळ्या वाजवत, ओरडत पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायची आणि बगळे उडून तिच्या पाठीमागे बसायचे. ऊन तापलं की डांबर मऊ व्हायचं, चप्पल चिकटायची. मग तिने माहेरची गोफण काढली. अंबाडीच्या वाखाची, तिने स्वतः वळलेली. करंगळीत फासा अडकवायचा, दोन गिरक्या, आणि दुसरं टोक सोडलं की नुसत्या आवाजानेच पाखरू उठायचं. तिच्यासारखा हात त्या डोंगरात दुसऱ्या कोणाचा नव्हता. हे सासरी कोणी कधी बोलून दाखवलं नाही, पण नागली राखायची वेळ आली की मचाणावर तिलाच धाडायचे.

अमित सरांनी लांबून बघितलं आणि पळत आले. “अहो, दगड नको! एक खडा पट्टीवर राहिला तर विमानाचं पातं जाईल.”

पुंजाने त्यावर तोड काढली. काठची चिकण माती मळून लिंबाएवढे गोळे केले, उन्हात वाळवले. पडले की फुटतील, माती होईल, कोणाचं काय जात नाही. पण गोळे गोफणीतच फुटायला लागले. सविताच्या डोळ्यांत माती जायची आणि बगळे बसल्या जागी मान वळवून बघायचे.

वैशाखात राब भाजायचे दिवस आले. भाताच्या रोपासाठी जमिनीवर फांद्या, पाला, शेण रचून पेटवतात, तो राब; पेटवायचा तो घरच्या कर्त्या पुरुषाने. धूर विमानाला चालत नाही म्हणून कंपनीने दिवस ठरवून दिला होता, विमान नसेल तो. पुंजाने त्या राबात पाटीभर गोळे पुरले. त्यात नवल काही नव्हतं. नागलीवरची पाखरं हाकायला तिथली सगळीच घरं गोळे असेच भाजतात. दुसऱ्या दिवशी राखेतून काढले तर विटेसारखे लाल, एका अंगाला राखेची करडी झाक. पुंजा खूश झाला. पाटी त्याने सुनेच्या पुढ्यात ठेवली.

दोन दिवसांनी सविता म्हणाली, “मामा, हे फुटत नाहीत. पडले का तसंच राहतात.”

“मंग उचलायचे.”

“लांबलांब जातात.”

“तुला पाय नाहीत का?”

तेव्हापासून तिचं काम दुप्पट झालं. मारायचं आणि वेचायचं. ओटीत गोळे, उजवा खांदा सुजलेला, तळव्यांना फोड. चालता चालता ती पट्टीवर वाकून वाकून बघायची. लाल गोळा काळ्या डांबरावर दिसतो, पण टोकाला पट्टी संपून मुरूम लागतो आणि तो मुरूमही लालच.

मृगाच्या तोंडाशी, आभाळ भरून आलेल्या दिवशी, विमान वेळेच्या आधी आलं. सविता टोकाला वाकली होती. हिरामणने शिट्टी मारली तशी ती पळत बाजूला झाली. विमान उतरलं, टोकाशी वळलं, आणि ‘टण्’ असा आवाज झाला. पंखा थरथरत थांबला. नऊ माणसांच्या विमानात दोघं नवराबायको होती. बाईने खाली उतरून आधी पंख्याचा फोटो काढला.

पात्याचा तुकडा उडाला होता. चाकाजवळ अर्धा लाल गोळा सापडला.

पत्र्याच्या ज्या खोलीला टर्मिनल म्हणायचे, तिथे गाव जमलं. बाहेर पाऊस सुरू झाला होता, पत्र्यावर तडातडा वाजत होता. अमित सरांनी तो अर्धा गोळा वर धरला.

“हा कोणी बनवला?”

 सगळ्यांनी एकदा गोळ्याकडे बघितलं आणि मग खाली बघितलं.

“सविता मारते ते आम्हाला माहीत आहे. पण मी साध्या मातीला हो म्हटलं होतं. हा भाजलाय. कोणी भाजला?”

सविताने पुंजाकडे बघितलं. पुंजा पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होता. तेवढ्यात मंगलाबाई म्हणाली, “पोर चुलीत भाजत असंल. आमाला काय ठाव.”

“मामा?” सविता म्हणाली.

पुंजाने टोपी सारखी केली. “बायांच्या कामात मी नाय बघत.”

हिरामण जाकिटाची चेन वर-खाली करत उभा होता. बापाने गोळे राखेतून काढले तेव्हा पाटीची दुसरी कड धरायला तोच होता. पण त्याला डोळ्यांपुढे दिसत होती ती पालाची खोप. त्याने चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली. सविताचं तोंड त्या वेळी कसं झालं ते सगळ्यांनी बघितलं. पुढे कोणी त्याबद्दल बोललं नाही, इतकंच.

सविताचं काम तिथेच गेलं. पण तेवढ्यावर भागलं नाही. अमित सरांनी पुंजाला आणि सहादूला बाजूला घेतलं. “काका, अडचण अशी आहे की ज्या घरातलं माणूस दोषी, त्या घरातल्या कोणाला कायम करता येणार नाही. वरून आलंय. माझ्या हातात काही नाही.”

पुंजा खाली बसला. सहादूने डोकं खाजवलं. “आन् ती बाई त्या घरातली नसलीच तर?”

“म्हणजे?”

“आमच्यात काडी मोडली का बाई घरातली राहत नाय, सर. पंचांसमोर मोडायची. पंच सह्या देतील.”

अमित सरांनी बाहेरच्या पावसाकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, “तुमचं तुम्ही बघा. मी काही सांगितलेलं नाही.”

घरी हिरामण तिच्यासमोर उकिडवा बसला. “नावाला हाय गं. निसतं दाखवायला. दसऱ्याला विमान पुन्ना चालू व्हणार, मी कायम झालो का दुसऱ्या दिशी तुला घेऊन येतो.”

“काडी काय नावाला मोडतात?”

“आपुनच मोडायची, आपुनच सांधायची. कोण विचारतंय?”

“तुमच्या बाला खरं बोलाया सांगा. मंग काडी नको, काय नको.”

“बा बोलला तर बी घर त्येच ना. नोकरी जायाचीच.”

हे खरं होतं, आणि त्यामुळेच पुढे बोलण्यात काही अर्थ नव्हता. सविताने चुलीत लाकूड सारलं. बराच वेळ फुंकत राहिली. “मला घेऊन याल ना?” तिने विचारलं. हिरामणने आईची शपथ घेतली. मंगलाबाई तिथेच बसून तांदूळ निवडत होती.

काडी मोडायचं काम सहादूच्या पडवीत झालं. वाळल्या गवताची एक काडी, एक टोक हिच्या हातात, एक त्याच्या. पंच सगळे ओळखीचे, आदल्या दिवशीच समजावून सांगितलेले. कोणीतरी हसून म्हणालासुद्धा, “मोड रे लवकर, चहा निवतोय.” हिरामणने ओढली. गवत पावसाने सादळलं होतं, ते तुटेना. त्याला पीळ घालून घालून तोडावं लागलं. सविता दुसरं टोक घट्ट धरून उभी होती, तिने ना ओढलं ना सोडलं.

तिचा भाऊ वाळू हरसूलच्या अलीकडच्या पाड्यावरून न्यायला आला होता. नावाला की खरं, हे त्याने विचारलं नाही. तिने एक बोचकं घेतलं, गोफण घेतली आणि होडीत पाठ फिरवून बसली.

पावसाळाभर विमान बंदच असणार होतं. गवत पट्टीच्या कडांतून वर आलं. हिरामण जाकीट घालून ते उपटत बसायचा. गावाने मात्र आपला हिशेब मांडून ठेवला होता. विमानाला काही झालं ते पुंजाच्या सुनेमुळे. तंबूत भांडी घासणाऱ्या बाया म्हणायच्या, तिने आमच्या पोटावर पाय दिला. पाणवठ्यावर, होडीत, भजनात तेच. पुंजासमोर बोलायचे तेव्हा आवाज खाली यायचा आणि कोणीतरी म्हणायचं, “मामाचं नाव घालवलं पोरीनं.” पुंजा मान डोलवायचा. हळूहळू त्याला ते ऐकायची सवय झाली. सवय झाली की खोटंही अंगावरच्या जुन्या बंडीसारखं बसतं.

दसरा गेला. विमान आलं नाही. दिवाळीच्या आधी तराफा आला आणि टर्मिनलच्या खुर्च्या, वजनकाटा, पंखे भरायला लागले. हिरामणच खुर्च्या वाहत होता. शेवटची खुर्ची चढवून त्याने अमित सरांना विचारलं, “सर, दुरुस्तीला चालल्यात का?”

“अरे, तुला सांगितलं नाही कोणी? बंद झालं. प्रवासीच नव्हते रे. दोन-चार माणसांसाठी कोण विमान उडवणार?”

“त्या गोळ्यामुळं ना, सर?”

अमित सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, आणि माणसाला वाईट वाटलं की तो नको ते खरं सांगून जातो. “गोळ्याचं काही मनात धरू नको. पातं बदलून झालं होतं. बंद करायचं तर त्याच्या कितीतरी आधी ठरलेलं, होळीच्याही आधी. म्हणून तर फटाके येईनात.”

हिरामण तराफ्याच्या कडेला उभा राहिला. “मंग कायम करायचं ते?”

“कुठे करणार आता? जाकीट राहू दे तुला. थंडीत उपयोगी पडेल.”

नागली कापणीला आली तेव्हा पुंजा, हिरामण आणि सरपंच सहादू सविताला आणायला गेले. बाजारचा दिवस होता, वाळूच्या पाड्यावरचे पंच हरसूलहून परत येईपर्यंत तिघं त्याच्या अंगणात ताटकळत बसले. कोणी पाणी विचारलं नाही. सविता कुडाच्या आत होती. कांडण्याचा आवाज येत होता.

पंच बसले. वाळू म्हणाला, “न्या. आमचं काय म्हणणं नाय. नवं लुगडं नको, जेवण नको. एकच गोष्ट. तुमच्या गावात समदी म्हणतात, हिनं विमानतळ घालवलं. बाजारात माझ्या बायकोला बी बोलतात. पुंजामामानी हितं चारचौघांत सांगावं, गोळे कोणी भाजले. का लगेच बोचकं बांधतो.”

कांडणं थांबलं. सविता बाहेर आली. ओटीतून तिने एक गोळा काढला आणि पंचांपुढे ठेवला. लाल, एका अंगाला करडा. “चुलीत भाजल्याव असा रंग येतो का, ते तुमीच बघा,” ती म्हणाली.

तिथे बसलेल्या प्रत्येकाने जन्मभर राब भाजला होता. गोळा हातोहात फिरला. कोणाला सांगावं लागलं नाही. खैरमाळच्या टर्मिनलमध्येही त्या दिवशी कोणाला सांगावं लागलं नव्हतं. तो सहादूच्या हातात आला. सहादूने उलटसुलट केला आणि खाली ठेवला.

“गोळ्याव काय नाव नसतं,” तो म्हणाला.

सगळे पुंजाकडे बघू लागले. एक वाक्य होतं. तेवढ्यावर घरात सून परत येत होती. पण ते वाक्य सहादूबरोबर होडीतून गावात जाणार होतं, पाणवठ्यावर जाणार होतं, भजनात जाणार होतं. पुंजाने पुन्हा टोपी सारखी केली. “मी मागं बोललो त्येच,” तो म्हणाला. “बायांच्या कामातलं मला ठाव नाय.”

वाळूने हिरामणकडे मान वळवली. “आन् तू?”

हिरामणने बापाकडे बघितलं, मग सविताकडे. तिने नजर काढली नाही. तिला अजून आशा होती, हे सगळ्यांत वाईट. “मी कामाव व्हतो,” तो म्हणाला. “मला बी नाय ठाव.”

सविताने गोळा उचलला, तो पुंजाच्या पायापाशी नेऊन ठेवला आणि आत गेली. थोड्या वेळाने कांडण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, आधीसारखाच.

नागली निघाली तशी घराने दाराला काट्याची फांदी लावली. या साली खोपीत तिघंच होती. मंगलाबाईचा खोकला पहिल्याच आठवड्यात सुरू झाला. पहाटेच्या गारठ्यात हिरामण नारिंगी जाकीट घालून छाटणीला जायचा आणि बाकीचे मजूर त्याला ‘एरपोर्ट’ म्हणून हाक मारायचे. माघात कानावर आलं की सविताला वाळूने पेठकडच्या एका बिजवराला दिलं. हिरामणने त्या दिवशी सगळं काम केलं आणि सगळी भाकर खाल्ली. फक्त जाकीट काढून वेलीच्या तारेवर अडकवलं आणि पुन्हा घातलं नाही.

मणी भरायला लागले तशी पाखरं बागेवर उतरू लागली. बागेचा मालक एके सकाळी पुंजाजवळ येऊन थांबला.

“बाबा, पाखरांनी उच्छाद मांडलाय. दगड मारता येत नाही, माल फुटतो. मातीचा कच्चा गोळा गोफणीतच भुगा होतो. तुमच्या डोंगरातले लोक राबात भाजून पक्के गोळे करतात ना? ते हलके असतात म्हणे, घडांना न लागता बागेवरून पार पलीकडे जातात. तुम्हाला येतात का करायला?”

शेजारच्या ओळीत हिरामण होता. त्याची कात्री थांबली. खोपीच्या तोंडाशी मंगलाबाई खोकायची थांबली.

“मला नाय येत,” पुंजा म्हणाला. “ते आमची सून करायची.”

“मग तिलाच आणायचं ना बरोबर,” मालक म्हणाला, आणि तेलाचा एक रिकामा डबा नि काठी पुंजाच्या हातात देऊन पुढच्या ओळीकडे गेला.

पुंजा दिवसभर डबा बडवत वेलींमधून फिरला. पाखरं उडायची आणि त्याच्या पाठीमागे बसायची.